शोभेच्या धातूच्या जाळ्या : घरासाठी आणि घराबाहेरसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि नवी मुंबईत जाळीचे काम करताना जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक ग्राहक बोलायला सुरुवात करतात ती रंगापासून किंवा नक्षीपासून. आम्हाला मात्र आधी कडा, सांधे आणि स्क्रू यांविषयी बोलावे लागते. जून ते सप्टेंबर असा धो धो पाऊस आणि एका अंगाला खाडीची खारी हवा असलेल्या या पट्ट्यात जाळी मधोमध क्वचितच खराब होते. ती कडेपासून खराब होते. पुढील बरीच उत्तरे या एका अनुभवाभोवती फिरतात, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

प्रश्न : शोभेची जाळी म्हणजे नेमके कोणते प्रकार?

तारा कापडाप्रमाणे उभ्या-आडव्या गुंफून केलेली विणलेली जाळी, तारा एकमेकींवर ठेवून प्रत्येक छेदावर जोडलेली वेल्डेड जाळी, षट्कोनी भोकांची कोंबडी जाळी आणि मैदानांच्या कुंपणाला दिसते ती चेनलिंक, हे तारेचे प्रकार झाले. पत्र्यापासून होणारे प्रकार तीन : ठशाने भोके पाडलेला छिद्रांचा पत्रा, लेझरने नक्षी कापलेला पत्रा आणि एक्सपांडेड जाळी. एक्सपांडेड जाळीत पत्र्याला चिरा पाडून तो ताणला जातो आणि शंकरपाळ्याच्या आकाराची भोके तयार होतात. त्यामुळे पत्र्याचा एक तुकडाही वाया जात नाही आणि जाळी अखंड राहत असल्याने तिचा एखादा धागा तुटून सुटत नाही. आज सर्वाधिक मागणी लेझरच्या नक्षीला आहे. तेच झाड आणि त्याच फांद्या प्रत्येक मजल्यावर पाहून आमचे डोळे विटले आहेत, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. साधी एक्सपांडेड जाळी नीट रंगवून उन्हात लावली, तर तिच्या तिरक्या कडांवर दिवसभर जो उजेड सरकतो, तो त्या झाडापेक्षा देखणा दिसतो.

प्रश्न : घराच्या आत कोणता धातू वापरावा आणि बाहेर कोणता?

बैठकीतील आडोसा, देवघराची दारे, कपाटाच्या झडपा, जिन्याचा कठडा अशा पावसापासून दूर असलेल्या जागांसाठी साधे लोखंड, म्हणजे बाजारातील एमएस, योग्य रंग दिल्यास वर्षानुवर्षे टिकते आणि येथे महागड्या धातूवर खर्च करण्याचे कारण नाही. पितळ आणि तांबे यांचीही खरी जागा घराच्या आतच आहे. बाहेर मात्र निवड तीन धातूंत करावी लागते : जस्ताचा लेप दिलेले लोखंड म्हणजे जीआय, ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील.

जीआय घेताना एक गोष्ट डोळ्यांनी तपासता येते. वेल्डेड जाळीत जस्ताचा लेप वेल्डिंगच्या आधी दिलेला असू शकतो किंवा नंतर. आधी दिला असेल, तर वेल्डिंगच्या उष्णतेने प्रत्येक छेदावरचे जस्त जळून तेथे काळपट ठिपका दिसतो, आणि पहिल्या पावसात तोच ठिपका तांबडा होतो. तयार जाळी सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेली असेल, तर छेदांवर जस्त साचून सांधे भरल्यासारखे, किंचित खडबडीत दिसतात. दुसरी जाळी हाताला तितकी गुळगुळीत लागत नाही आणि महागही असते; तरीही गॅलरी, गच्ची आणि कुंपणासाठी तीच घ्यावी.

ॲल्युमिनियम हलके असते आणि त्याला तांबडा गंज चढत नाही. परंतु ते मऊ असल्याने कबुतरांच्या आणि डासांच्या जाळीपुरते ठीक, माकडांपुढे मात्र टिकत नाही. स्टेनलेसविषयी पुढील दोन प्रश्नांत सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : चुंबक चिकटले नाही म्हणजे स्टेनलेस ३०४ असल्याची खात्री होते का?

होत नाही. ही समजूत इतकी रुजली आहे की लोक खिशात चुंबक घेऊन दुकानात येतात. ३०४ आणि २०२ या स्टेनलेसच्या दोन जाती. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून त्याची जागा बव्हंशी मँगनीजने भरलेली असते, आणि हे दोन्ही प्रकार चुंबकाला सहसा दाद देत नाहीत. याउलट अस्सल ३०४ ची तार ओढून बारीक केली किंवा वाकवली, की ती थोडीफार चुंबकाकडे ओढली जाऊ शकते. म्हणजे चुंबकाच्या परीक्षेत खोटे उत्तीर्ण होते आणि खरे कधी कधी नापास. खात्री हवी असल्यास विक्रेत्याकडून कारखान्याचे तपासणीपत्र मागावे. मोठ्या भंगार व्यापाऱ्यांकडे धातूतील घटक क्षणात दाखवणारे हातातले यंत्रही असते, आणि थोड्या पैशांत तुकडा तपासून मिळतो.

प्रश्न : आमचे घर खाडीजवळ आहे. स्टेनलेसलाही गंज चढेल का?

पाम बीच मार्गालगतच्या किंवा कोपरी-बाळकुमच्या खाडीकाठच्या इमारतींमध्ये ३०४ च्या जाळीवर वर्ष-दोन वर्षांत चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग दिसू लागतात. जाळी सडल्याचे ते लक्षण नसते. मीठ पृष्ठभागावर साचून क्रोमियमचा पातळ संरक्षक थर जागोजागी दुबळा झालेला असतो. गंमत अशी, की हे डाग पावसात उघड्या असलेल्या भागापेक्षा छज्जाखालच्या कोरड्या भागात अधिक येतात, कारण उघड्या भागावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो आणि छज्जाखालचे तसेच साचत राहते. म्हणून आडोशाच्या जाळीवर महिन्यातून एकदा साध्या पाण्याचा फवारा मारावा, हा आमचा आग्रह आहे. खर्च करण्याची तयारी असल्यास ३१६ घ्यावे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत ते अधिक काळ स्वच्छ राहते. मात्र ३१६ ची जाळी घेऊन ती साध्या लोखंडी स्क्रूंनी बसवणे म्हणजे पैठणीला सुतळीचा काठ लावण्यासारखे आहे. स्क्रू गंजतो आणि त्याचे ओघळ जाळीवर येतात.

प्रश्न : जीआयच्या जाळीवर दिलेला ऑइल पेंट पापुद्र्यांसारखा का सुटतो?

हा प्रश्न आम्हाला दर पावसाळ्यानंतर विचारला जातो आणि दोष जवळजवळ नेहमीच रंगाऱ्याच्या हाताचा नसून रंगाच्या जातीचा असतो. आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो, त्या रंगातील तेलकट घटकाची जस्ताशी प्रक्रिया होऊन रंगाच्या खाली साबणासारखा थर तयार होतो. वरून रंग शाबूत दिसतो, पण त्याची पकड आतून सुटलेली असते. मग एखाद्या सप्टेंबरच्या उन्हात तो नखाने ओढला तरी लांबच लांब सालीसारखा निघतो. रेड ऑक्साईडचा हात आधी दिला तरी फारसा फरक पडत नाही, कारण तोही बहुधा त्याच तेलकट जातीचा असतो.

योग्य क्रम असा. नवीन जीआयवर कारखान्यातून आलेला तेलकट थर असतो; तो धुण्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने आणि ब्रशने काढावा, आणि जाळी स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. त्यानंतर जस्तासाठी बनवलेला एच (etch) प्रायमर, म्हणजे पृष्ठभाग किंचित कोरून पकड घेणारा पहिला लेप, पातळ हाताने द्यावा आणि मग ॲक्रिलिक किंवा दोन भाग मिसळून होणारा पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्यावा. जाळी रस्त्याकडेच्या गोदामात पावसात एकावर एक रचलेली असेल, तर तिच्यावर पांढरी भुकटी आलेली दिसते. तो जस्ताचाच गंज असतो आणि तो ताठ नायलॉनच्या ब्रशने घासून काढल्याशिवाय कोणताही प्रायमर धरत नाही. रंग ब्रशऐवजी फवाऱ्याने दिल्यास तारेच्या चारही बाजूंना पोहोचतो. ब्रशने दिलेला रंग तारेच्या पुढच्या बाजूला जाड आणि मागे नसल्यासारखा राहतो.

प्रश्न : पावडर कोटिंग चांगले की हाताने दिलेला रंग?

एमएसच्या चौकटीतील जाळीसाठी पावडर कोटिंगच चांगले. कोरडी रंगीत पूड विजेच्या भाराने धातूवर चिकटवून ती १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवली जाते आणि ६० ते ८० मायक्रॉनचा सलग थर मिळतो. वागळे इस्टेट आणि तुर्भे-महापे-रबाळे पट्ट्यात हे काम करणाऱ्या लहान-मोठ्या भट्ट्या आहेत, परंतु काम देताना दोन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला, पूड पॉलिएस्टरची आहे की इपॉक्सीची? इपॉक्सी घराच्या आत उत्तम असते, पण उन्हात वर्षभरात खडूसारखी पांढुरकी पडते. दुसरा, कोटिंगच्या आधी धातू केवळ फडक्याने पुसणार आहात की रसायनाच्या टाक्यांतून काढणार आहात? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तर दुसरी भट्टी शोधावी.

प्रश्न : तुम्ही कडांवर एवढा भर का देता?

याचे उत्तर आमच्याच एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या गच्चीसाठी छिद्रांच्या पत्र्याचे तीन पडदे केले, पांढऱ्या पॉलिएस्टर पुडीत सुंदर कोटिंग करून आणले आणि बसवताना मधला पडदा अर्ध्या इंचाने मोठा निघाला. संध्याकाळ झाली होती, माणसे थांबली होती, म्हणून तेथेच ग्राइंडरने एक बाजू कापली आणि कापलेल्या कडेवर बाजारातील पांढऱ्या रंगाचा फवारा मारला. पहिला पावसाळा काही झाले नाही. दुसऱ्या जुलैत मात्र त्या कडेखालच्या चुन्याच्या भिंतीवर तपकिरी ओघळ उतरलेले दिसले, एकसारख्या अंतरावर, प्रत्येक भोकाच्या कापलेल्या अर्धगोलाखाली एक. कोटिंग कडेपासून आत जवळजवळ बोटभर फुगले होते आणि दाबले की कुरकुरत होते. बाकीचे दोन पडदे आजही पांढरे आहेत.

म्हणून नियम साधा आहे : कापणे, वेल्डिंग करणे, भोके पाडणे, कानस मारणे हे सगळे आधी आणि लेप सर्वांत शेवटी. जीआयच्या बारीक तारेचे कापलेले टोक थोडे दिवस तग धरते, कारण शेजारचे जस्त स्वतः झिजून उघड्या लोखंडाला वाचवते. नुसत्या रंगवलेल्या लोखंडाला असा वाली नसतो. जागेवर कापणे टळतच नसेल, तर कडेवर जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत आणि कड यू आकाराच्या पट्टीत झाकावी. त्या पट्टीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी दर फुटावर एक लहान भोक असलेच पाहिजे, अन्यथा झाकलेली कड उघड्या कडेपेक्षा लवकर जाते.

प्रश्न : घरी जाळी कापता येते का?

कोंबडी जाळी आणि १६ गेजपर्यंतची तार पत्र्याच्या कात्रीने किंवा कटिंग पकडीने कापता येते. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे लक्षात ठेवावे : १० गेज म्हणजे ३.२५ मिमी, १४ गेज २.०३ मिमी आणि १६ गेज १.६३ मिमी. गुंडाळीतून सोडलेली जाळी झटक्याने परत वळते, म्हणून दोन्ही टोकांवर विटा ठेवाव्यात. हातमोजे आणि चष्मा याबाबत तडजोड नको. जीआयवर घरी वेल्डिंग मात्र करू नये. जळत्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेल्यास संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि वेल्डिंगवाले त्यावर दूध पितात तो उपाय नसून परंपरा आहे.

प्रश्न : भोकाचे माप कसे ठरवावे?

कोणाला अडवायचे आहे, त्यावर माप ठरते. डासांसाठी इंचाला १६ ते १८ भोके असलेली विणलेली जाळी लागते; १८ च्या जाळीत तार ०.२५ मिमी असेल, तर प्रत्यक्ष भोक सुमारे १.१६ मिमी राहते. उंदरांच्या पिलांसाठी ६ मिमीपेक्षा मोठे भोक नको. चिमण्यांना १९ मिमी, तर कबुतरांना ५० मिमीची जाळी अडवते. त्यामुळे कबुतरांसाठी विनाकारण दाट जाळी लावून घरातील उजेड घालवू नये. येऊरच्या पायथ्याशी आणि घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडील वसाहतींत खरा प्रश्न माकडांचा असतो. नायलॉनची जाळी ती दाताने सहज फाडतात. तेथे ५० मिमी भोकाची, किमान ३ मिमी तारेची वेल्डेड जाळी अँगलच्या चौकटीत घट्ट बसवावी आणि स्क्रूची डोकी आतल्या बाजूस ठेवावीत. सैल स्क्रू फिरवून काढण्याइतका संयम माकडाजवळ असतो. घरात लहान मूल असेल, तर गॅलरीच्या कठड्यावर आडव्या तारांची रुंद जाळी लावू नये, कारण ती मुलाला शिडीसारखी वापरता येते.

प्रश्न : जाळी लावल्यावर वारा आणि उजेड किती कमी होतो?

वर दिलेल्या डासांच्या जाळीत सुमारे दोन तृतीयांश क्षेत्र मोकळे राहते. छिद्रांच्या पत्र्यात हे प्रमाण भोक आणि दोन भोकांच्या मध्यांतील अंतर यांवर अवलंबून असते. ५ मिमी भोके ८ मिमी अंतरावर एकाआड एक ओळींत असतील, तर मोकळे क्षेत्र अवघे ३५ टक्के भरते. म्हणजे तो पत्रा दिसायला जाळी असला तरी वाऱ्यापुढे जवळपास भिंतच आहे. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांनंतर हा हिशेब आम्ही प्रत्येकाला समजावून सांगतो. उंच मजल्यावर असा पत्रा लावायचा असेल, तर त्याचे फास्टनर स्लॅब किंवा बीमच्या काँक्रीटमध्येच गेले पाहिजेत. नव्या टॉवरांमधील हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर हाताने ओढून निघतो. तेथे आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी द्यावी लागते.

प्रश्न : जाळीवर वेल चढवायचे आहेत. कोणती जाळी आणि कोणते वेल?

५० ते १०० मिमी भोकाची वेल्डेड जाळी भिंतीपासून किमान दोन इंच पुढे बसवावी, म्हणजे वेलाला वळसे घेता येतात आणि भिंत ओल धरत नाही. गोकर्ण, कृष्णकमळ, जुई, कारले आणि दोडका हे हलके वेल या जाळीवर सुखाने वाढतात. मधुमालतीबाबत मात्र सावध राहावे. तिसऱ्या वर्षी तिचे खोड लाकडासारखे होते आणि भर पावसात भिजलेल्या पानांसकट तिचा भार कोंबडी जाळीला तर पेलवतच नाही. बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेजसारख्या बसक्या, अंगणाच्या वसाहतींत वेलाला मांडव मिळतो; चौदाव्या मजल्यावर त्याला वारा मिळतो, तेव्हा तेथे जुई-गोकर्णावरच थांबलेले बरे. वेलाखालची जाळी पुन्हा रंगवता येत नाही, त्यामुळे येथे गरम जस्तात बुडवलेली जाळी रंगाशिवाय वापरावी. तिचा राखाडी रंग हिरव्या पानांमागे दिसतही नाही.

प्रश्न : जाळीवर स्वतः काही नक्षी करता येईल का?

येते, आणि आमच्या मते जाळीचे खरे सुख येथेच आहे. ज्यांनी शाळेत मॅटीवर भरतकाम केले आहे, त्यांना चौकोनी वेल्डेड जाळी म्हणजे मोठी केलेली मॅटीच वाटेल. फुलीचा टाका, धावदोरा आणि भरगच्च टाका हे तिन्ही त्यावर जसेच्या तसे उतरतात. सुईऐवजी बोटे आणि दोऱ्याऐवजी जाड दोरी, एवढाच फरक. घराच्या आत सुती दोरी किंवा जुन्या साड्यांच्या पट्ट्या वापराव्यात. बाहेर सुती दोरी पाणी धरून ठेवते आणि जेथे ती तारेला आवळलेली असते नेमके तेथेच गंज पकडते, म्हणून नायलॉनची दोरी किंवा रंगीत ॲल्युमिनियमची तार घ्यावी.

नौपाड्यातील एका आजींनी आम्हाला याहून सुंदर वाट दाखवली. त्यांच्या वहीत ठिपक्यांच्या रांगोळ्या काढलेल्या होत्या आणि देवघराच्या दाराला त्यांपैकी एक हवी होती. आम्ही २५ मिमीची जाळी पुढे ठेवली. जाळीचा प्रत्येक छेद म्हणजे एक ठिपका, या हिशेबाने २१ ठिपक्यांची समोरासमोरची रांगोळी ५०० मिमीच्या, म्हणजे साधारण वीस इंचांच्या चौकोनात बरोबर बसली. त्यानंतर आजींनी पान उलटून १५ ते ८ ची मधल्या ठिपक्यांची रांगोळी काढली आणि ती चौकोनी जाळीवर काही केल्या बसेना. बसणार कशी? मधल्या ठिपक्यांच्या रांगोळीत प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या फटीत सरकलेली असते, आणि नेमकी तशीच रचना छिद्रांच्या पत्र्यात एकाआड एक भोकांची असते. शेवटी ती रांगोळी पत्र्यावर केली : भोकांतून पितळेची बारीक तार ओवून रेषा काढल्या. तेव्हापासून नक्षी घेऊन येणाऱ्याला आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की ठिपके समोरासमोरचे की मधले. त्यावरून जाळीची जात आपोआप ठरते.

प्रश्न : पितळेची जाळी काळी पडली आहे. काय करावे?

पितळ आणि तांबे हवेत काळवंडणारच. ओहोटीला खाडीच्या चिखलातून येणारा उग्र वास गंधकयुक्त वायूचा असतो आणि तो हे काम अधिक वेगाने करतो. चिंच-मिठाने किंवा घरातील भांडी घासायच्या पुडीने जाळी उजळते, पण चिंच तारांच्या छेदांत अडकून राहिली, तर ताक पितळेच्या भांड्यात कळकते तसाच प्रकार होऊन तेथे हिरवा थर धरतो. म्हणून घासल्यावर भरपूर पाण्याने धुऊन, केस वाळवायच्या यंत्राने छेद कोरडे करावेत आणि पारदर्शक लॅकरचा फवारा मारावा. तांब्या-पितळेची जाळी जीआय किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत थेट बसवू नये. ओलाव्यात दोन धातूंचा संपर्क झाला, की चौकट झपाट्याने खाल्ली जाते. मध्ये रबराची पट्टी पुरेशी होते.

प्रश्न : जाळीचा आकाशकंदील किंवा दिव्यांची सजावट करताना काय पाहावे?

भिंतीवर नक्षीची रेखीव सावली हवी असल्यास आत पारदर्शक काचेचा, एका बिंदूतून उजेड देणारा लहान दिवा लावावा. दुधी बल्बचा उजेड मोठ्या पृष्ठभागातून येतो, म्हणून सावली पुसट होते. ग्राहक मात्र दोष जाळीला देतात. धातूच्या जाळीवर घरगुती दाबाची दिव्यांची माळ कधीही गुंडाळू नये. तारेच्या टोकाने माळेचे आवरण कापले गेले, तर संपूर्ण जाळीत वीज उतरते. १२ व्होल्टची एलईडी माळ वापरावी, तिचा अडॅप्टर घरात ठेवावा आणि बाहेरच्या माळेवर धूळ-पाण्यापासून संरक्षण दाखवणारी आयपी ६५ ही खूण पाहावी.

प्रश्न : गणपतीच्या मखरासाठी कोणती जाळी?

कोंबडी जाळी. ती हाताने वळते, कागदी किंवा ताजी फुले तिच्या भोकांत खोचता येतात आणि विसर्जनानंतर गुंडाळून पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवता येते. कापलेली टोके मागच्या बाजूस दुमडावीत. आरतीच्या गर्दीत साड्या आणि लहान हात त्यांनाच अडकतात.

प्रश्न : गॅलरीला जाळी लावण्यासाठी सोसायटीची परवानगी लागते का?

इमारतीच्या दर्शनी भागात बदल होत असल्याने सोसायटीची लेखी संमती घ्यावी आणि रंग व नमुना इतरांशी जुळता ठेवावा. आमचा त्याहून मोठा आग्रह वेगळा आहे. खिडकी किंवा गॅलरी पूर्ण बंद करणाऱ्या जाळीत एक मोठा माणूस सहज बाहेर पडू शकेल एवढी, आतून उघडणारी झडप असलीच पाहिजे. आग लागल्यास बंद पिंजऱ्याची जाळी हीच सर्वांत मोठी अडचण ठरते. झडपेला कुलूप लावल्यास किल्ली तिच्याच शेजारी टांगलेली असावी. झडपेशिवायचे काम आम्ही घेत नाही.

प्रश्न : वजनावर जाळी घेताना फसवणूक कशी ओळखावी?

तारेच्या जाडीचा मिमीमधील वर्ग करून त्याला १६२ ने भागले, की एक मीटर लोखंडी तारेचे वजन किलोत मिळते. सळ्यांच्या हिशेबात बांधकामवाले वापरतात तेच हे सूत्र. ५० मिमी भोकाच्या जाळीत एका चौरस मीटरला सुमारे ४० मीटर तार लागते. तार ३ मिमी असेल, तर वजन २.२ किलोच्या आसपास भरते आणि २.५ मिमी असेल, तर दीड किलो. म्हणजे जाडी अर्ध्या मिमीने घटली, की वजन ३० टक्क्यांनी घटते. जाळी चौरस फुटावर विकत घेत असाल, तर ही घट तुमच्या खिशातून जाते, म्हणून दर ठरवण्याआधी व्हर्नियरने तार मोजून घ्यावी; वजनावर घेत असाल, तर पैसे बरोबर जातात, पण जाळी लेचीपेची येते.

प्रश्न : साफसफाई कशी करावी?

मऊ ब्रश, भांड्यांचा सौम्य साबण आणि साधे पाणी एवढ्यावर भागते. फरशी बसवणारे कामगार डाग काढण्यासाठी जे ॲसिड वापरतात, त्याचा नुसता वाफारा लागला तरी स्टेनलेसच्या जाळीवर दोन दिवसांत तांबूस पुटे येतात. तेव्हा घरात फरशीचे काम चालू असेल, तर जाळी त्यानंतरच बसवावी. आधीच बसवली असल्यास प्लास्टिकने झाकावी आणि काम संपताच धुवावी. ब्लीचचेही तेच. घासण्यासाठी लोखंडी तारेचा चोथा वापरू नये, कारण त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुतून तेथेच गंजतात.

प्रश्न : मापे कशी घेऊन यावीत?

खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, उंचीही तशीच तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत फरक आल्यास ओपनिंग काटकोनात नाही, हे आम्हाला आधीच समजते. जुन्या सिडको घरांत बोटभर फरक नेहमीचाच आहे. सर्व मापे मिमीमध्ये लिहावीत आणि सर्वांत लहान माप ठळक करावे. भिंत विटांची, काँक्रीटची की हलक्या ब्लॉकची, पाऊस थेट लागतो की छज्जा आहे, आणि त्या खिडकीतून खाडी दिसते का, एवढे त्याच कागदावर लिहून आणल्यास धातू, तार आणि लेप याच भेटीत ठरवता येतो आणि कापण्याचे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते.